फाट्यावरचा सिग्नल सायकलला हिरवा होतच नाही. तोडावा की थांबावं?

काळी_माती (धागालेखक) । १२ मार्च, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न किरकोळ आहे, पण आठ दिवस झाले, डोक्यातून जात नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात, चौपदरी महामार्गापासून आत असलेल्या एका खेड्यात राहतो. शाळा नऊ किलोमीटरवर, महामार्गाच्या पलीकडे. (गावाचं नाव सांगत नाही. फाटा एकच आहे, लगेच ओळखू येईल.) दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली, तेव्हापासून मोटारसायकल पोराला दिली आणि मी सायकल धरली. मार्चपासून शाळा सकाळची झाली. पावणेसहाला निघतो, सहा-सव्वासहाला फाट्यावर पोचतो. अंधारच असतो म्हणा ना.

या फाट्यावर आधी नुसता पिवळा लुकलुकता दिवा होता. दोन-तीन अपघात झाले, लोकांनी रास्ता रोको केला, आणि दिवाळीनंतर पूर्ण सिग्नल बसला. चांगली गोष्ट झाली, मी स्वतः त्या निवेदनावर सही केली होती. सिग्नल असा आहे की महामार्गाला कायम हिरवा आणि आमच्या गावरस्त्याला कायम तांबडा. गावाकडून ट्रॅक्टर आला, ऑटो आला, की थोड्या वेळाने आमच्याकडे हिरवा होतो. मी एकटा सायकल घेऊन उभा असलो की होत नाही. पहिल्या दिवशी वाटलं, वेळ लागत असेल. उभा राहिलो. मागून मोटारसायकलवर दूधवाला आला, "मास्तर, झेंडावंदन आहे का?" म्हणाला आणि कॅन खडखडवत निघून गेला. शेवटी मीही गेलो. त्यानंतर रोजच जातो.

आता खरी गोष्ट सांगतो. परवा चौथीच्या वर्गात वाहतुकीचे नियम घेत होतो. "तांबडा दिवा लागला तर काय करायचं?" मागच्या रांगेतला एक पोट्टा उठला आणि म्हणाला, "इकडं पाह्याचं, तिकडं पाह्याचं, अन् निघाचं." वर्ग हसला. मी विचारलं, "हे कोणी शिकवलं?" तर म्हणे, "तुमीच तं निघता सर. मी बाबाच्या बंडीवर होतो." (बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी.)

तेव्हापासून तोंड लपवून आहे. सायकलवाल्याला सिग्नल कायद्याने लागू आहे का? आणि त्या सिग्नलला मी दिसत का नाही? याच रस्त्याने आठवी ते दहावीच्या सात-आठ मुली मानव विकासच्या (सरकारी योजनेतून मिळालेल्या) सायकलींवर येतात. त्यांना मी काय सांगू?

---

पानठेला । १२ मार्च, रात्री ९:२२

पहिला नंबर!

मास्तर, काहून जिवाले घोर लावून रायले? त्या पोट्ट्यानं उत्तर बरोबर देल्लं. दहापैकी दहा द्या.

---

भंडाऱ्याचा_तांदूळ । १२ मार्च, रात्री ९:४०

आमच्या तालुक्यात एकच सिग्नल आहे आणि त्याचे तिन्ही दिवे एकदम लागतात. तुमचा निदान तांबडा तरी दाखवतो.

---

सायली_अकोला । १२ मार्च, रात्री १०:०५

वरचे दोन प्रतिसाद वाचून हसू आलं, पण "पाहा आणि निघा" हा सल्ला चौपदरीवर देऊ नका. हिशेब करून बघा. दुभाजक धरून रस्ता साधारण २५ मीटर रुंद. उभ्या सायकलवरून पॅडल मारून तेवढं ओलांडायला आठ-नऊ सेकंद सहज जातात. चौपदरीवर मालट्रकला ताशी ८० ची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तुम्ही पलीकडे पोचेपर्यंत ट्रक २०० मीटर पुढे आलेला असतो, आणि तो ८० नेच येत असेल अशी हमी कोण देणार? अंधारात नुसते दोन दिवे दिसतात, अंतर कळत नाही. कोळशाने भरलेल्या ट्रकने ब्रेक दाबला म्हणजे तो जागेवर उभा राहतो असं नाही.

माझी मुलगी नववीत आहे, सायकलने जाते. म्हणून जरा जास्तच लिहिलं.

---

पानठेला । १२ मार्च, रात्री १०:११

ताई, चुकलं. आपली गंमत होती. पण मास्तरनं मंग तिथंच उभं राहून पेन्शन घ्यायची का?

---

सायली_अकोला । १२ मार्च, रात्री १०:१४

उतरायचं आणि हातात धरून न्यायची. आधी दुभाजकापर्यंत, तिथे थांबून पुन्हा बघायचं, मग उरलेला अर्धा. एका वेळी एकाच बाजूची वाहनं बघावी लागतात.

---

काळा_कोट । १३ मार्च, सकाळी ७:३०

दारव्हा-दिग्रस भागातल्या कोर्टांत वीस वर्षं फिरतोय, अपघाताचे दावे बरेच चालवले. कायद्याचं सांगतो. चहा घेऊन बसा.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. नावातच मोटार आहे. कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे, यंत्राच्या शक्तीने चालणारं वाहन. पायाने चालवायची सायकल त्यात बसत नाही. सिग्नल पाळायचं बंधन कलम ११९ मध्ये आहे आणि ते कलम "मोटार वाहनाच्या प्रत्येक चालकाने" असंच सुरू होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, सिग्नल तोडणं नाव घेऊन आलं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही. पण तिथेही "मोटार वाहन". म्हणजे जो दंड तुमच्या दूधवाल्याला होऊ शकतो, तो त्याच कलमाखाली तुम्हाला होत नाही.

एवढं वाचून पानठेल्यावर पेढे वाटू नका.

भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बघा. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड विधानाचं २७९ होतं. सार्वजनिक रस्त्यावर "कोणतंही वाहन" बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे चालवून माणसाच्या जिवाला धोका केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे मोटार हा शब्द नाही. सायकल आली, बंडी आली, घोडासुद्धा आला. तुम्हाला चुकवायला मोटारसायकलवाला वळला आणि पडला, तर या कलमाला तुम्ही दिसता, सिग्नलला दिसत नसलात तरी.

दुसरं, महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ३३. पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी सगळ्या प्रकारच्या रहदारीसाठी नियम करू शकतात. त्यात चालणारे, गाड्या हाकणारे, सायकल चालवणारे आणि गुरं घेऊन जाणारे, सगळे मोजून लिहिलेत. तेव्हा शहरात पोलिसाने सायकल अडवली तर "मला मोटार वाहन कायदा लागू नाही" हे भाषण अर्धवट पडेल.

आणि २०१९ मध्येच मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ ला (१अ) जोडलं गेलं. बिगरमोटारी वाहनं आणि पादचारी यांनी सार्वजनिक ठिकाणी आणि राष्ट्रीय महामार्गावर कसं वागायचं याचे नियम राज्य सरकार करू शकतं. महामार्गाच्या बाबतीत महामार्ग प्राधिकरणाशी सल्लामसलत करून.

माझ्या मते तुमच्या फाट्यावर कोणी पावती फाडायला येणार नाही. मला भीती वाटते ती पुढच्या गोष्टीची. सायकलवाल्याला गाडीने उडवलं की घरचे दावा लावतात. त्याच कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यूला ५ लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख, ठरलेले. पण घरातला कमावता माणूस गेला, तर खरं नुकसान कितीतरी जास्त असतं. ते मागायचं तर कलम १६६. आणि तिथे विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो, "सिग्नल कोणता होता?" तांबडा होता म्हटलं की मयताचाही निष्काळजीपणा म्हणून भरपाईतून काही टक्के कापायला तो उभाच असतो. मयत काही सांगायला येत नाही की साहेब, हा सिग्नल मला कधी हिरवा होतच नव्हता.

म्हणून सिग्नल बिघडलेला आहे, हे लेखी देऊन ठेवा. तारीख, वेळ, पोच. उद्या कोणाचं काही झालं तर तो कागद बोलेल.

---

काळी_माती । १३ मार्च, दुपारी २:१५

काळा_कोट साहेब, मनापासून आभार. पोच घेणं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तोंडी दोनदा सांगितलं होतं, "पाहून घेऊ" म्हणाले.

---

बॅटरीवाला । १३ मार्च, दुपारी २:४०

बॅटरीच्या सायकलचं काय मग? माझ्याकडे आहे.

---

काळा_कोट । १३ मार्च, दुपारी ३:०५

मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, बाकीच्या अटीही पाळल्या असतील, तर ती मोटार वाहन धरत नाहीत. दुकानदाराने "साहेब, ४५ काढते" सांगून विकली असेल, तर तुम्ही दूधवाल्याच्या रांगेत.

---

शंका_कुशंका । १३ मार्च, दुपारी ४:२०

मास्तर, राग मानू नका, पण तुम्ही घड्याळ लावून पाहिलंय का? आपल्याकडचे बहुतेक सिग्नल नुसत्या वेळेवर चालतात. कोणी असो नसो, ठरलेल्या सेकंदांनी फिरतात. तांबड्यापुढे दोन मिनिटं उभं राहिलं की माणसाला दहा वाटतात. ट्रॅक्टर आल्यावर हिरवा झाला हा योगायोगही असू शकतो.

---

काळी_माती । १३ मार्च, सायंकाळी ६:५०

शंका बरोबर आहे. नाही लावलं घड्याळ. उद्यापासून लावतो.

---

तार_आणि_खांब । १३ मार्च, रात्री ११:३०

सिग्नल बसवण्याच्या कामात दहा वर्षं आहे, सध्या राज्याबाहेर. मूळचा वाशीमचा.

मास्तर, उद्या दोन गोष्टी बघून या. एक, तुमच्या बाजूच्या थांबारेषेच्या अलीकडे रस्त्यात चौकोनी काप मारून काळा मसाला भरलेला दिसतो का. दोन, समोरच्या खांबावर तुमच्याकडे तोंड केलेला छोटा कॅमेरा आहे का.

काप असतील तर खाली तारेचं वेटोळं आहे. त्यात उलटसुलट वीजप्रवाह फिरत असतो. वर धातू आला की त्या धातूत भोवरे प्रवाह तयार होतात, वेटोळ्याचं प्रेरकत्व (प्रवाहातल्या बदलाला होणारा त्याचा विरोध) घटतं आणि पेटीतल्या यंत्राला कळतं की कोणी आलं. वजनाचा काही संबंध नाही. सायकलवर उड्या मारणारे मी पाहिलेत, त्यांचा व्यायाम होतो. बुटाला लोहचुंबक लावूनही काही होत नाही. सायकलला युक्ती एवढीच, वेटोळ्याच्या मधोमध उभं न राहता चाकं बरोबर कापलेल्या रेघेवर ठेवायची. तिथे ती जास्त जाणवते. आपली जुनी लोखंडी ॲटलस-हर्क्युलस यासाठी झकास. पुण्या-मुंबईची कार्बनची लाखाची सायकल त्याला लवकर कळत नाही.

कॅमेरा असेल तर गोष्ट वेगळी. बसवताना आम्ही पडद्यावर रस्त्याच्या चित्रात एक चौकोन आखतो. त्या चौकोनात काही येऊन थांबलं तरच ते "वाहन" म्हणून धरलं जातं. चौकोन आखणारा मोटारीचा विचार करून लेनच्या मध्यावर आखतो. सायकलवाला बिचारा डाव्या कडेला मुरमावर एक पाय टेकून उभा. चौकोनाच्या बाहेर. शिवाय अंधारात असे बरेच कॅमेरे पुढच्या दिव्याच्या उजेडावर गाडी ओळखतात. तुमच्या सायकलला दिवा आहे का?

---

काळी_माती । १४ मार्च, सकाळी ८:०५ (मधल्या सुट्टीत)

कॅमेरा आहे. रस्त्यात काप नाहीत. दिवा नाही. आणि हो, मी मुरमावरच उभा राहतो. लहानपणापासून सवय आहे, सायकल म्हटली की कडेला.

---

नाना_दर्यापूर । १४ मार्च, सकाळी १०:२०

दिव्यावरून आठवलं. आमच्या वेळी सायकलला नगरपरिषदेचा बिल्ला लागे, दरसाल पैसे भरून. बिल्ला नसला की सायकल जमा. रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडून देत आणि पंप स्वतःजवळ ठेवत! डबलसीट दिसलं की मागच्याला उतरवून दोन किलोमीटर चालवत. दिव्यासाठी डायनामो असे, चाकाला घासून चाले, आणि चढावर सायकल हळू झाली की दिवाही मंद. मी तर रॉकेलची चिमणी हँडलला बांधून फिरलोय. वाऱ्याने विझली की पोलिसाला सांगायचं, "आताच विझली साहेब, काच गरम आहे, हात लावून पाहा."

अवांतर: आमची शकुंतला (नॅरोगेज आगगाडी) जायची तेव्हा गाडी फाटकाअलीकडे थांबे, माणूस उतरून फाटक लावे, गाडी पुढे जाई, मग तो फाटक उघडून पळत येऊन चढे. सायकलवाले तोवर चक्क गप्पा मारत त्याच्याशी. सिग्नलला माणूस दिसत नाही ही तक्रार त्या काळी ऐकली नसती कोणी.

---

काळा_कोट । १४ मार्च, सकाळी १०:५५

नाना, तुमच्या त्या फाटकावरून एक सांगायचं राहिलं. मोटार वाहन कायदा सायकलला सोडतो, रेल्वेचा सोडत नाही. रेल्वे कायदा १९८९ मध्ये शब्द "कोणतीही व्यक्ती" असा आहे. बंद फाटक उघडलं तर कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत कैद. आडव्या दांड्याखालून सायकल वाकडी करून घालणारे रोज दिसतात, त्यांच्यासाठी कलम १४७ आहेच. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही सवय मुलींना लागू देऊ नका, मास्तर. सिग्नलच्या खांबाला "तो बिघडलाय" म्हणता येतं, येणाऱ्या गाडीला म्हणता येत नाही.

---

आर्वीची_लेक । १५ मार्च, पहाटे ५:४०

मी आर्वीची, सध्या अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात. रोज सायकलने कामावर जाते, म्हणून धागा नीट वाचला. इकडे हा प्रश्न इतका जुना आहे की त्यावर कायदे आहेत, आणि दर राज्यात निराळे.

आमच्याकडे मोटारसायकल किंवा सायकलवाला तांबड्यावर पूर्ण थांबला, किमान ४५ सेकंद उभा राहिला, सिग्नल वाहन ओळखूनच बदलणारा आहे असं मानायला त्याच्याकडे कारण असलं, आणि त्याला जागं करायला दुसरी मोटार आलेली नसली, तर सगळ्यांना वाट देऊन तो जपून पुढे जाऊ शकतो. व्हर्जिनियात दोन मिनिटं किंवा सिग्नलच्या दोन पूर्ण फेऱ्या, त्यातलं जे आधी होईल ते. शेजारच्या मिनेसोटात २००२ पासून वेगळीच तऱ्हा आहे. तिथे जायची परवानगी अशी नाही. पकडलं तर कोर्टात सांगायचं की पूर्ण थांबलो होतो, अवाजवी वेळ वाट पाहिली, सिग्नल बिघडलेला दिसत होता आणि कोणी येत नव्हतं. हे पटलं तर सुटका.

आयडाहो राज्य याहून पुढचं. तिथे १९८२ पासून सायकलला सूटच आहे. बिघाड असो नसो, तांबड्यावर थांबून, पाहून जाता येतं. लोक या दोन गोष्टी एकच समजतात, पण त्या वेगळ्या आहेत. आयडाहोत सायकलला सूट आहे. आमच्याकडे सूट यंत्र आंधळं असण्यापुरती.

आणखी एक सोय मला फार आवडते. काही चौकांत रस्त्यावर छोटं सायकलचं चित्र रंगवलेलं असतं आणि बाजूला पाटी, की हिरवा हवा असेल तर या चित्रावर उभे राहा. चित्र नेमकं तिथेच काढतात जिथे यंत्राला दिसतं.

---

रोखठोक । १५ मार्च, सकाळी ९:१५

झालं, आली अमेरिका. ताई, इथे ४५ सेकंदांचा नियम केला तर मोटारसायकलवाले पाच सेकंदांत ४५ मोजतील. आधीच कोणी थांबत नाही. त्यात "सिग्नलला मी दिसलो नाही" हे निमित्त आणखी कशाला?

---

आर्वीची_लेक । १५ मार्च, सकाळी ९:४०

दादा, इथे लागू करा असं मी लिहिलेलंच नाही. मास्तरांनी विचारलं, मी माझ्याकडचं सांगितलं. पण एक सांगते. ज्या माणसाला नियम पाळायचाय, त्याला तो पाळता येत नसेल, तर दोष त्याच्या वळणाचा म्हणायचा का? मास्तर थांबले होते ना.

---

रोखठोक । १५ मार्च, सकाळी ९:५२

मास्तरांबद्दल नाही बोललो. पण मोटारसायकल त्या कॅमेऱ्याला दिसते, तरी दूधवाला थांबला नाही, हे त्यांनीच लिहिलंय. माझं म्हणणं त्याच्यापुरतं.

---

पानठेला । १५ मार्च, सकाळी १०:०३

दूधवाल्याले काई बोलू नोका. दूध फाटते न भाऊ.

---

मेळघाटची_वाट । १५ मार्च, दुपारी १:३०

उन्हाळ्याचाही विचार करा. आता सकाळी ठीक आहे, मेमध्ये दुपारी दीडला त्या डांबरावर पाच मिनिटं सायकल धरून उभं राहून दाखवा. नागपुरात काही चौकांत हिरव्या जाळ्या बांधतात, दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात. खेड्याच्या फाट्यावर कोण जाळी बांधतंय? तिथे बाभूळसुद्धा ठेवली नाही चौपदरी करताना.

---

काळी_माती । १९ मार्च, रात्री ८:३०

घड्याळ लावलं. पाच दिवसांचा हिशेब वहीत आहे, थोडक्यात देतो.

पहिल्या दिवशी नेहमीसारखा मुरमावर, दिव्याशिवाय. अकरा मिनिटं उभा राहिलो. महामार्गावरून मोजून तेवीस ट्रक गेले, हिरवा नाही. मग कापसाचा ट्रॅक्टर आला आणि त्यानंतर ३५ सेकंदांत हिरवा. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त नऊ मिनिटांनी ऑटो आला. शंका_कुशंका, योगायोग नाही हे आता मानाल ना?

तिसऱ्या दिवशी लेनच्या मध्यावर, थांबारेषेला चाक लावून उभा राहिलो, दिव्याशिवाय. नाही झाला. सहा मिनिटांनी सोडून दिलं, कारण मागून अंधारात कोणी येईल याचीच धास्ती जास्त. उतरून हातात धरून नेली, सायलीताईंनी सांगितल्याप्रमाणे, दुभाजकावर थांबून.

चौथ्या दिवशी पोराची चार्जिंगची बॅटरी हँडलला सुतळीने बांधली आणि मध्यावर उभा राहिलो. चाळीस सेकंदांत हिरवा! विश्वास बसेना. आज पुन्हा केलं. पुन्हा झाला. परतताना, उजेडी, दिवा न लावता मध्यावर उभा राहिलो तरी झाला. पण मुरमावर उभं राहून उजेडातही होत नाही.

नाना, पन्नास वर्षांपूर्वीचा तुमचा पोलीस बरोबर होता बघा.

---

शंका_कुशंका । १९ मार्च, रात्री ८:४५

मानलं. वही दाखवणारा माणूस आंतरजालावर पहिल्यांदाच पाहिला.

---

तार_आणि_खांब । १९ मार्च, रात्री १०:१०

आता लेखी तक्रारीत नुसतं "सिग्नल बिघडला" लिहू नका. लिहाल तर माणूस येईल, मोटार उभी करून बघेल, हिरवा होईल, "चालू आहे" असा शेरा मारून निघून जाईल. असं लिहा: गावरस्त्याच्या बाजूचं ओळखक्षेत्र (कॅमेऱ्याचा तो चौकोन) डाव्या कडेपर्यंत वाढवावं, आणि पहाटे अंधारात कोणी ओळखलं गेलं नाही तरी ठरावीक वेळाने गावरस्त्याला किमान हिरवा द्यावा. पेटीत ही सोय असते, एक आकडा भरायचा असतो. दोन-तीन मिनिटांनी एकदा हिरवा दिला तर महामार्गाचं काही अडत नाही. वहीतल्या वेळा सोबत जोडा.

हिरवा किती सेकंद राहतो तेही मोजा. मोटारीच्या हिशेबाने पाच-सात सेकंद ठेवला असेल, तर सायकल मधोमध असतानाच पलीकडचे ट्रक सुटतील.

आणि मुलींना मध्यावर उभं राहायला सांगताना दिव्याशिवाय सांगू नका. मागे लाल परावर्तक हवाच. कॅमेऱ्याला समोरचा दिवा दिसतो, मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला तो दिसत नाही.

---

सायली_अकोला । १९ मार्च, रात्री १०:३०

हे शेवटचं वाक्य ठळक करा कोणीतरी.

---

काळी_माती । ११ एप्रिल, रात्री ९:००

धागा वर काढतोय, कारण बातमी आहे.

ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र दिलं, पोच घेतली, वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. हिरवा सहा सेकंदांचा निघाला, तेही लिहिलं. दोन आठवडे काही नाही. मग मंगळवारी एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला. मी शाळेत होतो, पण दूधवाला होता. त्याने सांगितलं की पेटी उघडून तासभर बसला होता, चहा पाजला. आता मुरमावर उभं राहिलं तरी हिरवा होतो, आणि बारा सेकंद राहतो. दर ठरावीक वेळाने आपोआप होतो की नाही ते अजून कळलं नाही, कारण आता पहाटे लवकर उजाडतं आणि तेवढा वेळ उभं राहायची पाळीच येत नाही.

मुलींच्या सायकलींना परावर्तक लावले, प्रत्येकी वीस रुपयांत काम झालं. थांबारेषेजवळ पोरांनी चुन्याने सायकलचं चित्र काढलंय, आर्वीच्या ताईंचं वाचून मीच सांगितलं होतं. चित्र सायकलपेक्षा चष्म्यासारखं दिसतं.

त्या पोट्ट्याला वर्गात उभं करून पुन्हा विचारलं. म्हणाला, "थांबाचं. पण दिसन अशा जागी थांबाचं."

एकच भानगड झाली आहे. चौकोन कडेपर्यंत वाढवल्यापासून सकाळी चरायला निघालेल्या म्हशी मुरमावर रेंगाळल्या की त्यांनाही हिरवा होतो. काल सहा म्हशींसाठी चौपदरीवर दोन्हीकडचे ट्रक थांबले होते आणि म्हशी रवंथ करत जागेवरच. ड्रायव्हर लोकांनी जे शब्द वापरले ते इथे लिहिता येणार नाहीत.

---

पानठेला । ११ एप्रिल, रात्री ९:०६

वकीलसाहेब, म्हशीले हिरवा भेटला अन् ते निघालीच नाई, तं पावती कोनाच्या नावानं?

---

काळा_कोट । ११ एप्रिल, रात्री ९:२५

पोलीस कायद्याचं ते कलम ३३ पुन्हा वाचा. सायकल चालवणाऱ्याच्या शेजारीच गुरं घेऊन जाणारा बसवलाय. गुराखी कुठे होता, मास्तर?

---

काळी_माती । ११ एप्रिल, रात्री ९:३१

दूधवाल्याच्याच म्हशी आहेत.